नागपूरचं दुपारचं विमान

एका विमान कंपनीच्या अंधेरीतल्या ऑफिसात मी वेळापत्रकं आखते. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, तेव्हा आमची कुठली विमानं तिकडे न्यायची हे ठरवायचं होतं. अंधेरीजवळच्या जुन्या विमानतळावर उतरायच्या वेळा मोजक्या, आणि हातची वेळ सोडली की ती दुसरी कंपनी उचलणार. म्हणून दिल्लीची, बंगळुरूची महाग तिकिटांची विमानं इथेच ठेवली आणि नागपूरचं दुपारचं विमान मी तिकडे हलवलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी आई बोरिवलीच्या घरी वारली. धाकटा भाऊ नागपूरला नोकरीला. त्याला तिकीट मिळालं ते त्याच विमानाचं. तोवर मी डॉक्टरांचा दाखला, स्मशानातली वेळ, फुलं, सगळं उरकून घेतलं.

ऊन कलायला लागलं तसे मामा म्हणाले, "अंधेरीला उतरला असता तर एव्हाना घरी असता ना गं तो! दिवस मावळायच्या आत न्यायला हवं. अजून किती थांबायचं?"

मी भावाला फोन लावला. त्याची टॅक्सी ऐरोलीच्या पुलावर अडकली होती.

"ताई, थांबू नका," तो म्हणाला. "अग्नी तू दे. फक्त व्हिडिओ चालू ठेव."

मी फोन मावशीकडे दिला आणि आईचा चेहरा दिसेल असा धरायला सांगितलं. मामांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विस्तवाचं मडकं माझ्या हातात दिलं, आणि मी सगळ्यांच्या पुढे चालू लागले.