दम्याची पोर, मे महिना आणि मेढ्याकडचा डोंगर

आमच्या घराण्यात डोंगरावर कोणी जात नाही. आष्ट्यात आमचं ताडपत्री आणि तंबू शिवायचं दुकान आहे. आज्जानं तंबू शिवले, वडलांनी शिवले, मी शिवतो, पण आपल्याच तंबूत जाऊन झोपावं असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही. त्यामुळं दहावीची परीक्षा संपल्यावर सनानं जेवताना सांगितलं की सुभेदार पवार नेतात त्या पोरांबरोबर मी तीन दिवस डोंगरात जाणार, तेव्हा तिची आई रेश्मा आधी हसली. मग हातातली भाकरी ताटात ठेवून म्हणाली, "आणि दम?"

घरात आम्ही दखनी बोलतो, इथं मराठी करून लिहितोय. पण त्या एका शब्दाला भाषांतर लागत नाही. सना चार वर्षांची असल्यापासून तिला दमा आहे. ऊसतोड झाली की शिवारात उसाचा वाळका पाला, पाचट, पेटवतात, गावभर धूर बसतो, त्या दिवसांत आम्ही तिला शाळेतसुद्धा पाठवत नाही. खिडक्या बंद, दम्याचा पंप उशाशी, आणि मी तिच्या छातीकडं बघत बसलेला. अशी पोर मे महिन्यात डोंगर चढणार म्हणते!

डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या, दोन पंप ठेवा, धुरापासून लांब ठेवा. रेश्मानं दोन दिवस विचार करून अट घातली. मी बरोबर जायचं, आणि तिकडं सनाला दम्याचा झटका आला तर परत असल्या गोष्टीचं नाव घरात काढायचं नाही. सनानं लगेच "चालेल" म्हटलं. मला कोणी विचारलंच नाही.

निघालो पहाटे, एका भाड्याच्या क्रूझरमधून आणि पवारांच्या पुतण्याच्या जीपमधून. पोरं अकरा, मी एक, सुभेदार एक. सुभेदार म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला, साठीचा, ताठ माणूस. दर उन्हाळ्यात गावातली पोरं घेऊन कुठल्यातरी डोंगरावर जातो आणि खर्चापुरतेच पैसे घेतो. पोरांना तो "फॉलिन" म्हणतो आणि पोरं खरोखर रांगेत उभी राहतात. माझ्याकडं बघून म्हणाला, "अस्लमभाई, तुमी शेवटी चालायचं. लेकीचा वेग तोच तुमचा वेग. मागं ओंकार हाय सोबतीला."

ओंकार सतरा वर्षांचा, आमच्याच गावच्या ऊसवाल्याचा पोरगा. अंगानं दांडगा, बोलायला गोड, आणि जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला येते असं समजणारा. सनाची पिशवी त्यानं न विचारता उचलली आणि तिनं न बोलता परत घेतली.

रस्त्याचं सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणी जाणार असेल. आष्टा, इस्लामपूर, पेठनाका आणि मग महामार्ग. कऱ्हाडच्या पुढं रस्त्याचं काम चालू आहे, दर थोड्या वेळानं वळण, धूळ उडते, तिथं तासभर जास्त धरा. आम्ही काचा वर करून बसलो आणि उकडून निघालो. उंब्रजच्या पुढं पोहे आणि चहा झाला, ठीकठाक होता. साताऱ्यात न थांबता मेढ्याचा रस्ता धरला. मुक्कामाच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढं कळेल का ते. शाळेच्या व्हरांड्यात पथाऱ्या टाकल्या. जेवण गावातल्या एका घरी सांगितलं होतं: झुणका, नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि वर करवंदं हवी तेवढी. पोरांच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मागच्या टेकडीवर सराव झाला. सना दोनदा बसली, एकदा पंप घेतला, वर पोचली. मी सारखा विचारत होतो, "बरं वाटतंय ना? बस थोडी. पाणी पी." शेवटी ती हळूच म्हणाली, "अब्बा, तुम्ही बोललात की मला बोलावं लागतं, आणि बोललं की दम जातो." मग मी पाण्याची बाटली नुसती पुढं केली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत चढाई. हे मात्र पाळाच, मे महिन्यात दहानंतर डोंगरावर ऊन माणसाला उभं राहू देत नाही. माणशी चार लिटर पाणी लागतं, वरची टाकी कोरडी असतात. आम्ही कड्यावर पोचलो, सुभेदारानं दोर लावला, एकेक पोर कड्यावरून खाली सोडलं. सना उतरताना मी डोळे मिटून घेतले होते. खाली पाय टेकल्यावर ती हसत होती, आणि इतकी मोकळी हसलेली मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती. मनात म्हटलं, निभावलं. आता उतरायचं, जेवायचं, घरी.

परतीची वाट डोंगराच्या अंगावरून आडवी जाते. डाव्या हाताला चढ, उजव्या हाताला उतार, दोन्हीकडं कमरेएवढं वाळलेलं गवत. पुढं पाच-दहा मिनिटांवर सडा आहे, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. सुभेदार अकरा पोरांतली नऊ घेऊन पुढं गेला. सना, मी आणि ओंकार मागं, ठरल्याप्रमाणं.

धूर आधी ओंकारला दिसला. खालून, उजवीकडून. तिकडच्या गावांत उन्हाळ्यात डोंगर पेटवतात, जुनं गवत जळलं की पावसानंतर नवं चांगलं येतं म्हणून. चोरून पेटवतात, कारण वनखात्याची बंदी आहे, आणि म्हणूनच मी गावाचं नाव लिहिलं नाही. सुरुवातीला ती आग लांब वाटली. मग वारा वर फिरला आणि तडतड ऐकू यायला लागली. पुढं बघितलं तर आगीची एक जीभ आमच्या आधी वर चढून वाटेवर आलेली. सड्याकडं जायचा रस्ता बंद.

सनानं ओढणी तोंडावर धरली. पहिला खोकला आला.

"चाचा, भिऊ नगा," ओंकार म्हणाला. "आमी पाचट पेटवताना शेजारचा ऊस वाचवायला असंच करतो. कडेनं पट्टा आधीच जाळून ठेवायचा. मोठी आग आली की तिला खायाला काय न्हाई, जागीच इझती."

मीही आष्ट्याचाच. असे पट्टे जाळताना लहानपणापासून बघितलेत, शंभरदा बघितलेत. मला ते पटलं. त्यानं खिशातून लायटर काढला (खिशात लायटर कशाला, हे त्या वेळी कोण विचारणार) आणि वाटेच्या खालच्या अंगाला गवत पेटवलं.

शेतात आग सपाटीवर चालते. पाठीला वारा असला की ती तुमच्यापासून लांब जाते. इथं ओंकारनं पेटवलेलं गवत खाली गेलंच नाही. ते वळलं आणि वर आलं, वाट ओलांडून डाव्या हाताच्या चढाला लागलं, आणि बाजूनं आमच्याकडंही सरकायला लागलं. डोंगरावर आग चढणीला पळते, हे आमच्या सपाट शिवारानं आम्हाला कधी शिकवलंच नव्हतं. ओंकार पायानं विझवायला धावला, बूट मारले, फांदी मारली. "चाचा, ही ऐकंना," एवढंच म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम लहान पोरासारखा झाला.

आता खाली मोठी आग, समोर आग, शेजारी आमचीच आग. वर, डोक्यावर, उघडा कातळ दिसत होता. मी सनाचा हात धरला आणि वर ओढायला लागलो. दुसरं काही सुचतच नव्हतं. तिच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती.

तेवढ्यात सड्यावरून सुभेदाराची शिट्टी आणि मग आवाज आला, परेडवर देतात तसला. "वर जाऊ नगा! वर आग लवकर गाठती! जळालेल्या काळ्यात शिरा! काळ्यात!"

मी ऐकलं, कळलं, तरी वरच ओढत होतो. काळी जागा म्हणजे ओंकारनं पेटवलेल्या आगीच्या पलीकडची, आणि मधे गुडघाभर जाळ. दम्याच्या पोरीला घेऊन जाळातून जायचं? कुठला बाप जाईल?

सनानं हात सोडवून घेतला. जोरात, झटका देऊन.

"अब्बा, चढ नाही जमणार. दहा पावलं वर गेले की माझा दम संपेल. ही एक उडी जमेल." मधे दोनदा थांबून तिनं एवढं सांगितलं. मग पंप ओढला, बाटलीतलं पाणी ओढणीवर ओतलं, तोंडाला गुंडाळली आणि माझ्याकडं न बघता ओंकारला म्हणाली, "तू आधी."

ओंकार गेला. ती गेली. तिच्या सलवारीची कड पेटलेली मला दिसली आणि मी मागोमाग उडी टाकली. दोनच पावलं होती. पलीकडं जमीन तापलेल्या तव्यासारखी, बुटाचे तळ वितळल्याचा वास. मी हातानं तिची सलवार विझवली, तळहाताला फोड आले, ते दवाखान्यात गेल्यावर कळलं.

मोठी आग खालून आली. काळ्या जागेच्या कडेपर्यंत आली आणि दोन बाजूंनी फाटून वर निघून गेली. पट्ट्याचं ओंकारचं गणित शेवटी बरोबरच ठरलं, फक्त आम्ही पट्ट्याच्या भलत्या बाजूला उभे होतो. आमच्यावर धूर मात्र असा बसला की शेजारचा माणूस दिसेना. आम्ही जमिनीला तोंड लावून पडलो. सना पालथी पडेना, तिला तसा श्वास लागत नाही. ती गुडघ्यावर हात टेकून, पुढं वाकून बसली. ओठांचा रंग गेलेला. मी "या अल्लाह, या अल्लाह" करत होतो, मधेच "पंप घे", मधेच "हळू, हळू घे" म्हणत होतो. तिनं एक हात वर केला. गप्प बसा, असा. मी तोंडात रुमाल कोंबला आणि नुसता बघत बसलो. ती ओठ चंबूसारखे करून श्वास सोडत होती, सावकाश, परत, परत. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वेळ ती. मी तिच्यासाठी एकही श्वास घेऊ शकत नव्हतो.

धूर विरला तेव्हा सुभेदार काळ्या राखेतून धावत येत होता, साठीचा माणूस. सनाजवळ गुडघे टेकून त्यानं फक्त सांगितलं, "बोलू नगस पोरी. बरं असलं तर मान हलव." तिनं मान हलवली. मग तो उठला, ओंकारच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रडायचं मंग. आधी फांद्या तोड. आपण लावलेली आपणच इझवायची." गावातली माणसंही आली, ऊन उतरेपर्यंत सगळे हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होते. वनखात्याच्या माणसांना सुभेदारानं स्वतः जाऊन सांगितलं की एक आग आमच्या पोरानं लावली. मी तोवर सनाला घेऊन सरकारी दवाखान्यात होतो. तिथं तिला वाफ दिली आणि रात्रभर ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. कोणाला जेवण जात नव्हतं. साताऱ्यात कंदी पेढे घेतले, घरच्यांसाठी, सवयीनं. ओंकार माझ्या शेजारी बसला होता. कऱ्हाड आल्यावर म्हणाला, "चाचा, तिला काय झालं असतं तर मी गावात आलोच नसतो." मी त्याला म्हटलं, पटलं मलाही होतं, तू एकट्यानं नाही पेटवलंस. त्याला किती धीर आला माहीत नाही.

जाणाऱ्यांना एवढंच सांगतो. वाळल्या गवतात काडीसुद्धा पेटवू नका. धूर दिसला की थांबू नका, उघड्या कातळावर किंवा आधीच जळालेल्या जागेवर जा, वरच्या गवतात पळू नका. आणि दम्याचं मूल असेल तर दुसरा पंप दुसऱ्याच्या खिशात ठेवा.

घरी रेश्मा दारातच उभी होती. मी वाटेत सगळं ठरवून आलो होतो: थोडा धूर लागला, दवाखान्यात नुसतं दाखवलं, एवढंच सांगायचं. माझा हात पाठीमागं. तिनं विचारलं, "दम लागला का हिला?"

मी तोंड उघडायच्या आत सना म्हणाली, "लागला. लय लागला." मग चप्पल काढून, आईसमोर बसून, तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. आग, लायटर, मी वर ओढत होतो तेही. शेवटी रेश्मानं माझा हात ओढून फोड बघितले आणि मला म्हणाली, "तुम्ही वर नेलं असतं तर?"

अट होती, नाव काढायचं नाही. रेश्मानंही ती अट परत काढली नाही. पण घरात एक गोष्ट बदलली. परवा सना सकाळी मैदानावर पळायला गेली, मी कट्ट्यावर बसून बघत होतो. दुसऱ्या फेरीला तिची छाती भरलेली मला लांबून दिसली. बारा वर्षांच्या सवयीनं मी उठलो, "बस आता" म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याऐवजी विचारलं, "दम लागला का गं?"

"लागलाय," ती पळता पळता म्हणाली. "पुरेल."

मी परत खाली बसलो.