‘आली’ की ‘अल्ली’

चौगुले अण्णा गेल्याचे मला कळले ते बसथांब्यावर, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर आलेल्या संदेशातून. शाळेच्या वाहतूक विभागाने तो पाठवला होता आणि त्यात तीन वाक्ये होती. मार्ग क्रमांक नऊचे माजी चालक श्री. चौगुले यांचे निधन झाले आहे. शाळा परिवार दुःखात सहभागी आहे. आज बस बारा मिनिटे उशिरा येईल. तिन्ही वाक्ये एकाच परिच्छेदात, एकाच दमात. खाली पालकांचे जोडलेले हात उमटू लागले. सोळा झाले, आणि सतरावा संदेश एका आईचा होता, ‘बस नक्की कुठपर्यंत आली?’ बस एकोणीस मिनिटे उशिरा आली. माझी मुलगी मुक्ता आता आठवीत आहे. ती माझ्या हातातला मोबाइल बघून बसमध्ये चढली आणि मागच्या खिडकीशी जाऊन बसली. त्याला आता पाच आठवडे झाले. ज्या माणसाने अकरा वर्षे या मार्गावर बस चालवली, त्याला निरोप द्यायला एक स्वतंत्र संदेशही कोणाला लिहावासा वाटला नाही, याचा राग अजून उतरलेला नाही. म्हणून लिहितो आहे.

मारुती चौगुले निपाणीकडच्या एका खेड्यातले. घरात मराठी, शाळा कन्नड, आणि पुढची अठ्ठावीसेक वर्षे बेंगळुरूत. राहायला शहराबाहेर, आनेकलला. पहाटेच्या पहिल्या बसने यायचे आणि शाळेच्या आवारातून स्वतःची बस काढायचे. आम्ही पुण्याहून कोरमंगलाला आलो तेव्हा मुक्ता पहिलीत होती. पहिल्याच आठवड्यात मी थांब्यावर उभा राहून बसमधली डोकी मोजली. आसने बेचाळीस, मुले सत्तावन्न. मी एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. चालकाच्या खिडकीशी जाऊन हिंदीत विचारले, हे काय आहे? चालकाने माझ्याकडे नीट पाहिले आणि मराठीत म्हणाला, “पुण्याचं का साहेब? मोजा, मोजा. आमी मोजलं की आमालाच बोलत्यात. तुमी मोजलं की निदान अर्ज म्हणत्यात.” मी अर्ज केला. तीन महिन्यांनी मुले त्रेपन्न झाली. अण्णा म्हणाले, “बगा, चार कमी झाली. असंच अर्ज करत ऱ्हावा, पोरगी बारावीला जाईपर्यंत सगळी बसतील.”

ते माझी टिंगल करायचे. माझ्या तोंडी दर वाक्याला ‘अॅक्च्युअली’ आणि ‘बेसिकली’ यायचे, ते मोजायचे काम त्यांनी घेतले होते. मी त्यांच्या कन्नड ‘सरी’ आणि ‘स्वल्प’ला, म्हणजे ‘बरं’ आणि ‘जरा’ला, हसायचो. “स्वल्प थांबा की साहेब, काय रेल्वे चुकाय लागलीय?” या शहरात मला मराठीत टोमणे मारणारा घराबाहेरचा तो एकच माणूस होता.

मुक्ता दुसरीत असतानाची ती सकाळ मी फार वेळा मनात उलटसुलट करून पाहिली आहे. आमची गल्ली पुढे बंद आहे, त्यामुळे मुले घेतल्यावर बस थोडी मागे घेऊन वळवावी लागते. बसच्या डाव्या बाजूचा मागचे दाखवणारा आरसा तडकलेला होता. अण्णांनी तो बदलून द्यावा म्हणून शाळेला तीनदा सांगितले होते, दोनदा तोंडी, एकदा लेखी. मुलांची चढउतार बघायला बसवर जयम्मा होत्या, आनेकलच्याच, कन्नडखेरीज काही न बोलणाऱ्या. बाकीची मुले चढली. मुक्ताची पाण्याची बाटली पडून मागच्या चाकाकडे घरंगळली आणि ती तिच्यामागे धावली. मी चार पावलांवर, मोबाइलवर कार्यालयातला कुठलासा तक्ता बघत... जयम्मांनी मागून तिला पाहिले आणि हात दाखवून ओरडल्या, “अल्ली! अल्ली!” कन्नडमध्ये ‘अल्ली’ म्हणजे तिथे. मूल तिथे आहे, थांबा, एवढे त्यांना म्हणायचे होते. अण्णांनी ऐकले, ‘आली! आली!’ म्हणजे राहिलेली मुलगी आली, बसमध्ये चढली. त्यांनी ब्रेक सोडला आणि बस मागे सरकली.

जयम्मांनी दोन्ही तळहात बसच्या पत्र्यावर आपटले म्हणून ती थांबली. बाटली चपटी झाली होती. मुक्ता चाकाच्या मागे उकिडवी बसलेली होती, तिला काही लागले नव्हते, ती बाटलीसाठी रडत होती. बस कोणी हलवायच्या आत मी घरून टेप आणून चाक आणि ती बसली होती त्या जागेतले अंतर मोजले. बायकोने तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही, पण मला दुसरे काही सुचत नव्हते. एक्केचाळीस सेंटिमीटर.

अण्णा बसच्या पायरीवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, “माझ्या कानानं घात केला, साहेब. बावीस वर्षं हाय हितं. सपानबी कानडीत पडतंय. पण जीव घाबरला की कान गावाला जातोय.” मग म्हणाले, “शाळंला कळवा. माझी चूक म्हणून लिवा. आरसा फुटला हुता तेबी लिवा.”

शाळेने चौकशी केली. निष्कर्ष असा निघाला की कोणालाही इजा झालेली नाही, म्हणून घटना घडलेली नाही. हे वाक्य मी वाचले आहे, सही-शिक्क्यासह. त्यानंतर अण्णा आणि मी मिळून परिवहन कार्यालयाला आणि शाळेला एक निवेदन लिहिले. मागण्या पाच होत्या. प्रत्येक बसला मागे कॅमेरा आणि मागे घेताना वाजणारा भोंगा. दोन्ही बाजूंचे धड आरसे. मागे उभ्या राहणाऱ्या बाईच्या गळ्यात शिटी, म्हणजे भाषेचा प्रश्नच नको. शिटी वाजली की थांबायचे. आसनांइतकीच मुले. पाचवी मागणी अण्णांनी स्वतः घातली, चालकांच्या डोळ्यांची दरवर्षी सरकारी तपासणी. मी म्हणालो, “हे कशाला? परवाना देताना बघतातच की.” ते म्हणाले, “फुटका आरसा बदलून मागतोय न्हवं? मग डोळं काय देवानं जन्मभराची ग्यारंटी देऊन धाडल्यात?”

पुढच्या पाच वर्षांचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायचा तर वर्तमानपत्राची अख्खी पुरवणी पुरणार नाही. परिवहन कार्यालयात मी चौदा खेपा घातल्या, त्यातल्या नऊ वेळा अण्णा बरोबर होते, आपली दुपारची झोप मोडून. कार्यालय म्हणे, उपकरणे बसवणे शाळेचे काम. शाळा म्हणे, लेखी आदेश आला की बसवू. आदेश आला तेव्हा शाळेने कॅमेरे बसवले. तपासणीच्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून आवारात थांबलो. आग विझवण्याचे लाल सिलिंडर सकाळी टेम्पोतून उतरले आणि तपासनीस पुढच्या बसकडे वळला की मागच्या बसमधून पुढे जाऊ लागले. एकाच क्रमांकाचा सिलिंडर मी तीन बसमध्ये पाहिला. क्रमांक टिपून तपासनिसाला दाखवला तर तो हसून म्हणाला, “सर, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवे होते.” कॅमेऱ्याचा पडदा अण्णांच्या समोर बसवलेला होता, पण त्याची वायर कुठेच जोडलेली नव्हती. कागदावर ‘कॅमेरा: आहे’ अशी नोंद झाली, आणि ती खोटी म्हणता येत नव्हती. अण्णा काळ्या पडद्याकडे बोट करून म्हणाले, “त्येला डोळा हाय, दिसत मातुर न्हाई. असं लई अधिकारी बगितलं.” जयम्मांना शिटी मिळाली, पण ती आम्ही दोघांनी इथल्या, बेंगळुरूच्या शिवाजीनगर बाजारातून आणली होती.

आणि मग, मुक्ता सातवीत असताना, एक मागणी खरोखर मान्य झाली. पाचवी.

शाळेत नेत्रतपासणी शिबिर झाले. एकतीस चालक, एक डॉक्टर, दीड तास. माणशी तीन मिनिटेसुद्धा नाहीत. तक्ता कन्नड अक्षरांचा होता, आणि पहिला चालक बाहेर आला तो शेवटची ओळ तळहातावर लिहूनच. बाकीच्यांनी ती रांगेत उभ्या उभ्या पाठ केली. तीस जण पास झाले. एक नापास झाला. साखरेने अण्णांच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब झाला होता. जवळचे दिसायचे, लांबचे विरत चालले होते.

पालकांच्या वाहतूक समितीत मी होतो. चालकाला कामावरून उतरवण्याच्या कागदावर समितीची सही लागायची, आणि तो कागद माझ्याकडे आला. मी तो तीन दिवस टेबलावर ठेवून दिला. चौथ्या दिवशी अण्णा घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खुर्चीच्या कडेवर बसले.

“सई करा साहेब.”

“दुसऱ्या डॉक्टरला दाखवू,” मी म्हणालो. “एक वर्ष काढू. ती ओळ तुम्हाला पाठ नव्हती का?”

“पाठ हुती की. रांगेत माझ्या म्होरं दहा जण तीच घोकत हुती, आरतीगत. म्हणावी वाटली न्हाई.”

“मग आता मी सही कशी करू? बाकीचे तीस काय गरुड आहेत? ते चालवणार, आणि तुम्ही घरी बसणार?”

ते अगदी शांतपणे म्हणाले, “तुमची पोरगी मोठी झाली, साहेब. ती आता बाटलीमागं पळत न्हाई. म्हणून तुमाला एक वर्स चालतंय.”

मी सही केली. त्या माणसावर मी आयुष्यात इतका चिडलो नव्हतो. आपण बरोबर आहोत हे त्यांना ठाऊक होते, मलाही ठाऊक होते, आणि त्याचा उपयोग शाळेला एवढाच झाला की पाचपैकी जी एक मागणी तिने अमलात आणली, तिच्यात मागणाराच गेला. बाकी चालक म्हणाले, अण्णाने खड्डा खणला आणि स्वतःच पडला. शाळेने शाल आणि नारळ दिला. शाल देतानाचा फोटो ‘सुरक्षा हेच आमचे ध्येय’ या फलकाखाली काढला. कॅमेऱ्याची वायर त्या दिवशीही लोंबतच होती, आज सकाळी मी पाहिली तेव्हाही लोंबत होती.

त्यानंतर अण्णा चौदा महिने जगले. मी दोनदा फोन केला. आनेकलला एकदाही गेलो नाही. अंतर अवघे तीसएक किलोमीटर आहे, आणि या आकड्यामागे लपण्यासारखे काहीच नाही. जायला मला लाज वाटत होती की राग होता, ते अजून ठरवता आलेले नाही... हृदयविकाराने दुपारी झोपेतच गेले, असे नंतर कळले.

गेलो ते आता, ते नसताना. त्यांच्या पत्नी शांताक्का यांनी ओळखले. “तुमी मोजणारं साहेब न्हवं?” एक खोली, पुढे ओटा, आणि समोर अरुंद गल्ली. गल्लीच्या तोंडाशी गोदामे असल्याने टेम्पो सारखे मागे घेत आत आणावे लागतात. मी काय बोलावे हे जुळवत होतो, तेवढ्यात बाहेर दोनदा हॉर्न वाजला. शांताक्का बोलता बोलता उठल्या, बाहेर गेल्या, टेम्पोच्या मागे जाऊन वाकल्या, खाली बघितले आणि हात वर केला. टेम्पो मागे आला. त्या परत येऊन बसल्या.

“काम सुटल्यावर ह्येंनी ह्यो नाद लावून घेतला,” त्या म्हणाल्या. “मागं घ्यायच्या गाडीचा आवाज आला की पळायचं. लांबचं दिसायचं न्हाई, म्हणून पार चाकाजवळ जाऊन वाकायचं. पयल्यांदा लोकं शिव्या द्यायची, म्हातारा मरतोय म्हणायची. मग सवय झाली त्यास्नी. आता ह्ये न्हाईत तरी हॉर्न मारून थांबूनच ऱ्हात्यात. कुणीतर बगितल्याबिगर मागं घेईनात. मग मीच जाती.”

त्या चहा गाळायला उठल्या. भांडे चिमट्यात धरलेले असतानाच पुन्हा दोनदा हॉर्न वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“माझं हात गुतल्यात. तुमी जावा की.”

मी गेलो. टेम्पोच्या मागे जाऊन गुडघे वाकवले, एक हात जमिनीला टेकवला आणि खाली पाहिले. मागच्या चाकाला टेकून एक कुत्री झोपली होती, पोटाशी दोन पिल्ले. मी हात वर केला नाही. तिला उठवायला, पिल्ले एकेक करून ओट्याच्या सावलीत न्यायला आणि पुन्हा एकदा वाकून बघायला मला सहा मिनिटे लागली. तेवढ्या वेळात चालकाने एकदाही हॉर्न वाजवला नाही.