काळा टाईप

"काळा जपून वापरा," असं म्हणत मामा शिशाचं अक्षर अंगठ्याखाली फिरवायचे आणि न बघताच ओळखायचे.

आखाडा बाळापूरच्या बाजारात एका छापखान्यात ते असे शिशाचे खिळे जुळवत. मी नुकताच बी.ए. होऊन तिथं प्रुफं वाचू लागलो होतो. गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. वयानं माझ्या वडिलांएवढे असून मामा मला 'सर' म्हणायचे. त्यात थोडी चेष्टा असायची.

काळा म्हणजे ठळक टाईप. तुम्हीही तो पाहिला असेल. उभे दांडे भरीव, वळणं मात्र बोरूनं काढल्यासारखी, टोकाशी निमुळती होत गेलेली. छापला की कागदाच्या पाठीवर बोटाला लागायचा. जाहीर सूचनेचा मथळा, बैलबाजाराचं पत्रक, नवरा-नवरीची नावं, एवढ्यालाच मामा तो काढत. निमंत्रकांच्या यादीत कुणी काळा मागितला तर म्हणत, "सगळेच मोठ्यानं बोलले तर ऐकंल कोण?"

मग माझ्या ताईचं लग्न ठरलं. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आईनं रोजानं शेतात जाऊन आम्हाला वाढवलं होतं. पत्रिकेचा मजकूर मात्र धाकट्या काकांनी लिहून आणला. त्यांचं नाव वर, काळ्यात. आईचं यादीच्या शेवटी, बारीक.

आई त्या वर्षी साक्षरता वर्गाला जात होती. तिला मोठी ठळक अक्षरं तेवढी वाचता येत. बारीक ओळ आली की म्हणे, "मुंग्या चालून राहिल्या." ताईची पत्रिका तिला स्वतः वाचायची होती. काकांपुढे बोलायचं मला धाडस झालं नाही. मामांना मात्र मी हे सांगून बसलो.

दुसऱ्या दिवशी काका प्रूफ बघायला आले.

"मामा, माझं नाव बारीक काहून?"

"काळे खिळे सरले."

"सरले? गेले कुठं?"

"तुमच्या वहिनीच्या नावात. लई लांब नाव हाये त्यांचं."

काकांनी प्रुफावर बोट ठेवलं. "वहिनीच्या खाली तरी माझंच येऊ द्या," म्हणाले.

"तिथंच हाये," मामा म्हणाले.

काका गेल्यावर मी काळ्या टाईपाचा खण ओढून पाहिला. निम्म्याहून जास्त भरलेला.

"सर," मामा म्हणाले, "तुमचं काम प्रूफ वाचायचं. खण न्हाई."

पत्रिका घरी आली तेव्हा आई भाकरी करत होती. तिनं हात पुसून ती वाचली. नवरा, नवरी, मग स्वतःचं नाव. तिथं थांबून दोनदा वाचलं आणि पुन्हा परातीत हात घातला.

पुढे संगणक आला. खिळे भंगारात गेले. मामा तरी येऊन बसत. एका बटणावर अख्खी पत्रिका काळी होते हे पाहून म्हणाले, "बराबर हाये. आता कोणाला तकलीफ न्हाई." पण हातात कागद आला की पालथा करून बोट फिरवत. काही लागत नसे.

ते गेले तेव्हा शोकसभेचं पत्रक मी लिहिलं. आई म्हणाली, "त्यांचं नाव काळ्यात घे. मी वाचणार हाये."

सभेत ती उभी राहिली. कागद डोळ्यांपासून लांब धरून, एकेक अक्षर जोडत तिनं नाव वाचलं. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणत आलो होतो. पुष्कळांनी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.