खंडेनवमीला सुट्टी दिलेला जनरेटर

भूतबित, करणीबिरणी... आपला असल्या गोष्टींशी काही संबंध नाही. मी इलेक्ट्रिशियन माणूस. करंट असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं. कुणी असले किस्से सुरू केले की सगळ्यात मोठ्यानं मीच हसतो. म्हणूनच हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

लातूरला लहान मुलांच्या एका दवाखान्यात मी मेंटेनन्सला आहे. खंडेनवमीला आम्ही सगळ्या हत्यारांची, मशीनची पूजा करतो आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला सकाळी मी जनरेटर पुसला, बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडून टर्मिनल घासले, हार घातला, नारळ फोडला... आणि वायरी तशाच सोडून शेडला कुलूप घातलं! म्हटलं, वर्षभर राबतोय, आज घेऊ दे आराम. माझ्यासारखा गाढव मीच!

दुपारी बाराला मी वरच्या मजल्यावर प्रसाद वाटत होतो. लाईट गेली.

तिथं देवणीच्या एका बाईची तीन दिवसांची पोरगी व्हेंटिलेटरवर होती. मशीनची आतली बॅटरी दोन मिनिटांत बसली. शबाना सिस्टर हातानं फुगा दाबून पोरीला श्वास द्यायला लागल्या.

"दादा, जनरेटर का चालू होईना?" त्या ओरडल्या. "फुग्यानं भागेना, पोरगी निळी पडून राहिली!"

त्या आईनं माझी बाही धरली. "दादा, काही बी करा, पण माझं लेकरू..."

मी जिना कसा उतरलो, मला आठवत नाही. मागच्या अंगणात पोचलो, शेड अजून वीसेक पावलांवर — आणि घर्रर्र... जनरेटर चालू!

वाटलं, कुणीतरी वायरी जोडल्या. पण दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. कुलूप उघडलं. आत कुणी नाही. दोन्ही वायरी लोंबत होत्या, अगदी मी सोडल्या तशाच. आणि इंजिन मात्र मस्त, एका सुरात चालू! लाईट येईपर्यंत, चांगली चाळीस मिनिटं, मी हात जोडून उभा होतो. हात लावायची हिंमतच झाली नाही.

संध्याकाळी डॉक्टर मॅडमना माझी चूक कबूल केली. नांदेडहून जनरेटर कंपनीचे इंजिनिअर आले. वायरी सोडून त्यांनी बटण दाबलं... टिक्क सुद्धा नाही.

"बॅटरीशिवाय हे उठूच शकत नाही," ते म्हणाले. "तुम्हीच घाईत जोडून विसरला असाल."

"साहेब, मी कुलूप काढायच्या आधीच ते चालू होतं!"

त्यांनी खांदे उडवले.

त्यानंतर अकराव्या दिवशी घरी जाताना त्या बाईनं पोरगी माझ्या हातात दिली. "दादा, तुम्हीच वाचवलं हिला."

"न्हाई हो ताई," मला रडूच फुटलं, "माझ्यामुळंच तर..."

पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. पोरीनं असा काही टाहो फोडला की गेटवरचा वॉचमन पळत वर आला. ना नळी, ना मशीन... स्वतःच्या छातीतल्या हवेवर ओरडत होती वाघीण!