ठकूमावशीने तो गोळा आणला नव्हता

तो गोळा मी आणला होता.

आज सकाळी ठकूमावशी गेली. अकरा वाजेपर्यंत सगळं उरकलंसुद्धा. दुपारपासून मी वराळ्याच्या फ्लॅटमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालतेय. दोनदा चहा ठेवला, दोनदा तसाच ओतून दिला.

बसवत नाहीये. म्हणून उभ्यानेच टाइप करतेय.

ठकूमावशी नात्यातली नव्हे. कुसगावच्या पुढे आमची वाडी, तिथली शेजारीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. घरात ती आणि दोन म्हशी.

वाडीमागच्या डोंगरापलीकडे मिल्ट्रीचं फायरिंग चालायचं. लाल झेंडा लागला की तिकडे फिरकायचं नाही, हे आम्हाला अआइईच्या आधी शिकवलेलं.

फळीवरची भांडी थरथरायची. आई म्हणायची, "झालं ह्यांचं सुरू." आणि भाकरी थापत राहायची.

झेंडा उतरला की मावशी तिकडे गवत कापायला जायची. त्यासाठी मिल्ट्रीकडून पास मिळायचा. तिच्या म्हशी त्या गवतावरच जगायच्या.

मी चौथीत असताना पुण्याला विमानांचा शो होता. बाबांनी दोन्ही भावांना गाडीवर बसवलं.

"आणि मी?"

"तू काय करनार इमानं बघून? आईला मदत कर."

भाऊ परत आले ते हात पसरूनच. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. विमान उलटं कसं झालं, धूर कसा सोडला. मी काही विचारलं की एकच उत्तर, "तुला न्हाई कळायचं."

त्याच आठवड्यात, शाळेतून येताना, ओढ्याच्या गाळात मला ते दिसलं. वीतभर लोखंड. पुढे निमुळतं तोंड, मागे पंख.

मला वाटलं, विमान.

दप्तरात घातलं आणि पळत सुटले. घराला कडी, सगळे शेतावर. मग मावशीकडे गेले. ती गोठ्यात होती.

"मावशी, बघ, माझं इमान!"

तिने बघितलं. ओरडली नाही.

"कुटं घावलं गं?"

"वढ्यात."

"बरं. हितं ठिव... न्हाई, न्हाई, ठिवू नको. आशीच हुबी ऱ्हा. हलू नको."

जवळ आली. बाळंतिणीच्या हातातून बाळ घ्यावं तसं दोन्ही हातांनी घेतलं.

"आता घरामागं जा. कान झाकून पालथी पड. आन कुनाला काय बी बोलायचं न्हाई. काय?"

मी मान हलवली.

ती एकटी चालत निघाली. ओढ्यापलीकडच्या पडीक शेतापर्यंत. एकेक पाऊल टाकत. मी पालथी पडले नाही, कोपऱ्यावरून बघत होते. तिच्या पदराचं टोक वाऱ्याने उडत होतं आणि तिला ते सावरता येत नव्हतं.

गोळा ठेवून ती लांब बांधावर जाऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून मागे फिरवत होती. कुणीतरी सायकलवरून जाऊन मिल्ट्रीला कळवलं. संध्याकाळी गाडी आली. त्यांनी भोवती वाळूची पोती रचली, आम्हाला टेकाडामागे नेलं आणि गोळा तिथेच उडवला.

आमच्या घराची कौलं फुटली. गोळा जिवंत होता.

साहेबांनी विचारलं, "किसने उठाया?"

सगळी वाडी उभी होती. मी आईच्या मागे.

"म्या," मावशी म्हणाली. "म्या आनला, सायेब. भंगारात घालाया."

बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "थोड्या लोभापायी पोरं मारली असती हिनं."



तिचा पास गेला. वर्षाच्या आत दोन्ही म्हशी गेल्या. मग ती हॉटेलच्या चादरी धुवायला जाऊ लागली. आणि तिच्या घरी जायचं नाही, असा मला हुकूम झाला.

मी तो पाळला. 

पुढे शिकले, नोकरीला लागले. मागच्या दिवाळीला शेवटी धीर करून तिच्याकडे गेले. म्हटलं, "मावशी, मी सांगते सगळ्यांना."

"आता कशाला? झालं गेलं गंगेला मिळालं."

"पण तू तेव्हा का सांगितलं नाहीस?"

"तुझ्या बापानं दुसऱ्या दिशी तुझी शाळा बंद केली आसती. दोन म्हशींचं काय, लोकं इकत्यातच."

मी रडायला लागले तर म्हणाली, "लाडू खा. लय चांगलं जमल्यात औंदा."

आज स्मशानात श्रद्धांजलीला वाडीतले एक आबा उठले. म्हणाले, "बाई कष्टाळू. ती गोळ्याची एक चूक सोडली, तर कुनाच्या वाटंला गेली न्हाई."

मी तिथेच होते. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. चौथीतली मी निदान लहान तरी होते.

पोस्ट टाकायच्या आधी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. 

ते म्हणाले, "त्या दिवसापास्नं मी तिच्या घरचं पानी प्यालो न्हाई गं."

आणि फोन ठेवला.

दादा, आप्पा, तुम्हा दोघा भावांना टॅग केलंय. वाडीच्या ग्रुपवर हे टाका. माझ्या नावासकट. दहाव्याला मी येतेय, सगळ्यांसमोर तोंडाने सांगणार आहे.

मावशी, उशीर झाला. फार उशीर झाला.

तुझ्या पायावर डोकं.