धुक्यातला बाण

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. आज डोंगरावर एक पाहुणी कातळावरच्या चुन्याच्या बाणाला हात लावून निर्धास्त उजवीकडे वळली. खाली समुद्र चमकत होता, आणि मला माझाच हात आठवला.

पाऊस सरला की आमच्या गावात वाटांवर चुन्याचे बाण काढतात. त्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं. चहाच्या टपरीवर दत्तारामने, माझ्यासारखाच पाहुण्यांना डोंगर दाखवणारा वाटाड्या तो, सगळ्यांसमोर मला डिवचलं, "अरे, तुला घरची वाट बायको दाखवते, तू पाहुण्यांना काय डोंगर दाखवणार?" सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या वाटेवरचा बाण मी मुद्दाम घळीकडे वळवला. पाहुण्यांसमोर त्याची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं.

धुक्यात आम्ही जाणतेसुद्धा डोळ्यांपेक्षा बाणावर भरवसा ठेवतो. त्या सकाळी धुकं दाटलं आणि दत्ताराम पाहुण्यांच्या पुढे चालत बाणामागे घळीकडे गेला. पाहुणे वाचले, तो घसरला. गुडघा कायमचा गेला. मी रात्रीत तो बाण पुसून पुन्हा बरोबर दिशेला काढला.

"माझंच चुकलं, धुक्यात बाण नीट बघितला नाही," असं तो अजून सांगतो. ते ऐकताना, खरं सांगतो, मला अजूनही थोडं बरं वाटतं.

बाण मी वळवला होता, हे त्याला सांगणं बाकी आहे.