एक नंबरची जर्सी

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि एक दिवस कपाटाचं दार लागेनासं होतं. माझं दार कधीच लागेनासं झालंय! राजारामपुरीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पण गिऱ्हाईक झेरॉक्सपेक्षा किश्श्यांसाठीच जास्त थांबतं.

बाहेरगावच्या पावण्यांना आधी थोडं सांगायला हवं. कोल्हापुरात पेठेची तालीम नुसती कुस्तीची नसते, ती फुटबॉलची टीमही चालवते. आमच्या तालमीच्या टीमचा मी सव्वीस वर्षं सेक्रेटरी आहे. जर्सीच्या कपाटाची किल्ली, खेळाडूंच्या नोंदणीचे फॉर्म आणि हरल्यावरच्या शिव्या, ही तिन्ही खाती माझ्याकडे.

आमच्याकडे एक रिवाज आहे. जो खेळाडू पहिल्या मॅचपासून शेवटच्या मॅचपर्यंत आमच्याच तालमीकडून खेळला, त्याची तिरडी तालमीच्या दारात थांबवतात. अध्यक्ष स्वतः त्याच्या नंबरची जर्सी अंगावर घालतात, आणि पुढं टीम खांदा देते. एक वर्ष जरी दुसरीकडे खेळला असेल तर नुसता हार. आजवर चौघांनाच जर्सी मिळाली. दिनू, म्हणजे आमचा गोलकीपर दिनकर, दर वेळी खांदा द्यायला पुढे असायचा आणि परतताना मला म्हणायचा, "सेक्रेटरी, मला बाकी काय नगं. तेवढी एक नंबरची माझ्यासाठी ठेव."

मी म्हणायचो, "लेका, आधी मर तर खरं!"

*

दिनू अठराव्या वर्षी आमच्याकडे आला. गोलात उभा राहिला की पलीकडच्या फॉरवर्डला गोल दिसायचाच नाही. साहजिकच त्याच्यावर सगळ्यांचा डोळा. सगळ्यात जास्त, आमच्या पिढीजात वैऱ्याचा, खालच्या तालमीचा.

सीझनच्या आधी नोंदणीचे दोन दिवस असतात. असोसिएशनच्या ऑफिसात जाऊन खेळाडूनं फॉर्मवर सही केली, की वर्षभर तो त्या टीमचा. त्या दोन दिवसांत कोल्हापुरात खेळाडू पळवतात! एका वर्षी खालच्या तालमीच्या अध्यक्षांनी दिनूला जीपमध्ये घातलं आणि थेट नेसरीला त्यांच्या मळ्यात नेलं. दोन दिवस मटण, पांढरा रस्सा, तांबडा रस्सा, दुपारी झोप. इकडे मी ऑफिसच्या पायरीवर बसून नखं खातोय.

दुसऱ्या दिवशी मुदत संपायला अर्धा तास असताना एक दुधाचा टेम्पो येऊन थांबला. कॅनच्या मधून दिनू उतरला, आत गेला आणि आमच्या फॉर्मवर सही करून ढेकर दिला.

लगेच पुढच्या सकाळी खालचे अध्यक्ष आमच्या चौकात येऊन ओरडायला लागले. "दोन दिवस आमचं मटण खाल्लंस रं!"

दिनू शांतपणे म्हणाला, "मग तुमची पोरं पाठवा की आमच्याकडं. आमी बी जेवाय घालतो. सही तेवढी मागू नगा, म्हंजे झालं!"

*

त्याचं लग्न साडेबाराच्या मुहूर्तावर लागलं आणि चार वाजता मॅच होती. नवरा मुंडावळ्या काढून मैदानात, नवरी, म्हणजे आमच्या मंगलवहिनी, शालू नेसून स्टँडमध्ये. त्या दिवशी आम्ही चार गोल खाल्ले. पेठेतल्या बायका मंगलवहिनींकडे अशा बघत होत्या, जणू ते चार गोल त्यांनीच मारले.

वर्षभरानं वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, हे हरले की जेवत न्हाईत. जिंकले की धा जणांस्नी घिऊन जेवाय येत्यात. मी देवाकडं मागू तरी काय?"

*

आता हसणं जरा आवरा.

दिनू शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला होता. एके दिवशी प्रेसमध्ये त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. फोरमननं हाताला फडकं गुंडाळून गाडीत घातलं. राजारामपुरीतल्या डॉक्टरकडे मी धावत पोचलो, तर हा टेबलावर पांढराफटक पडलेला. मला बघून एकच प्रश्न विचारला, "ग्लोव्हज बसंल न्हवं?"

बसला. रिकाम्या दोन बोटांत मीच कापूस भरायचो, प्रत्येक मॅचच्या आधी. तसा तो पुढं सात सीझन खेळला. एकदा पेनल्टी अडवली म्हणून सातारचा एक नवा रेफ्री कौतुकानं हात मिळवायला आला. त्यानं नेमका डावा पंजा दोन्ही हातांत धरून दाबला, आणि दोन बोटं मागच्या बाजूला सपाट झाली. रेफ्री मटकन खाली बसला! दिनू त्याला पाणी पाजत म्हणत होता, "सायेब, घाबरू नगा, कापूस हाय. खरी बोटं कवाच गेली."

*

पुढचा किस्सा मी दुकानात कधी सांगितला नाही. कुणाला सांगितला नाही म्हणा.

दिनूचा एकविसावा सीझन. अध्यक्षांनी गोव्याचा एक ताज्या दमाचा गोलकीपर आणला होता, दिनूनं राखीव राहायचं ठरलं. दिनू म्हणाला, "हरकत न्हाय. एक मॅच द्या, शेवटची. मग मी बाजूला हुतो." अध्यक्ष हो म्हणाले.

नोंदणीचे दोन दिवस मी कुत्र्यासारखा पळालो. एक हाफबॅक सासुरवाडीला जाऊन बसला होता, त्याला बायकोसकट आणला. एक फॉरवर्ड रुसला होता, त्याच्या आईच्या पाया पडलो. गोव्याच्या पोराला एसटी स्टँडवरून उचलला. प्रत्येकाला फोन, प्रत्येकाला चहा, प्रत्येकाची मनधरणी. दिनूला फोन केला नाही. दिनू कुठं जातोय? दिनू आपलाच!

पहिल्या मॅचच्या सकाळी ऑफिसबाहेर यादी लागली. एकोणीस नावं. मी तीनदा वाचली, खालून वरही वाचली. दिनूचं नाव नव्हतं. त्याची सही घ्यायचीच राहिली होती.

जे सोडून जायची भीती होती त्या सगळ्यांच्या सह्या माझ्याकडे होत्या. ज्याची भीती नव्हती, नेमका तो राहिला.

मुदत गेली म्हणजे गेली. नोंद नसलेला माणूस मैदानात उतरला तर मॅच जाते, टीमवर वर्षाची बंदी येते आणि सेक्रेटरी कायमचा बाद होतो. मी हे फक्त कोचला सांगितलं. कोच म्हणाला, "सांगू नका त्याला. मी बसवून ठेवतो." आणि मी, स्वतःला लई शहाणा समजणाऱ्या माणसानं, मॅचच्या कागदावर खेळाडूंच्या खाली एक नाव लिहिलं. दिनकर. पुढे कामाच्या रकान्यात लिहिलं, 'पाणीवाला.'

*

पाणीवाल्याला खेळायचे कपडे चालत नाहीत. दिनू तर प्रत्येक मॅचला पिवळी एक नंबरची जर्सी, शिनगार्ड, ग्लोव्हज घालून तयार. मग मी त्याला वरून तालमीचं जाकीट घालायला लावायचो. डिसेंबरात ठीक होतं. एप्रिलमध्ये स्टँडवरची माणसं रुमाल भिजवून डोक्यावर ठेवत होती, आणि हा गळ्यापर्यंत चेन ओढून बसलेला.

कुणीतरी विचारलं, "दिनूशेठ, थंडी वाजतीया व्हय?"

"सेक्रेटरीला वाजतीया," तो म्हणाला, "मी नुसतं जाकीट घातलंय."

सगळे हसले. मीही हसलो. कापूसही भरत होतो, दर मॅचला, त्या दोन बोटांत.

*

आणि फायनल खालच्या तालमीशीच पडली.

एक-एक असा स्कोअर. संपायला वीस मिनिटं असताना गोव्याच्या पोराची टक्कर झाली आणि त्याला स्ट्रेचरवरून नेलं. तिसरा गोलकीपर आम्ही घेतलाच नव्हता. कशाला घेणार? दिनू होता ना!

सगळं स्टँड उभं राहिलं. "दिनू! दिनू! दिनू!" पत्र्यावर हात बडवून माणसं ओरडत होती. दिनू उठला. जाकिटाची चेन अर्ध्यापर्यंत खाली आली, आतली पिवळी जर्सी दिसली, आणि स्टँडनं एकच गलका केला. चौथा रेफ्री यादी घेऊन माझ्या शेजारीच उभा होता. मी मॅचचा कागद पाठीमागं लपवला.

दिनूनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वाकून गुडघा धरला आणि बाकावर बसला.

"गुडघा गेलाय. न्हाय जमायचं," तो मोठ्यांदा म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

गोलात आमचा विंगर उभा राहिला. तीन-एकनं हरलो.

*

त्या संध्याकाळपासून पेठेत एकच बोलणं. दिनू घाबरला. दुसरं बोलणं त्याच्या मागनं आलं, दिनू खालच्या तालमीला फितला. नेसरीचं मटण लोकांना पंधरा वर्षांनी आठवलं! दोन बोटं जाऊनही जो गोलात उभा राहिला त्याच्या घरावर सकाळी बांगड्यांची माळ लटकत होती.

मंगलवहिनींनी ती काढली, ओट्यावर बसून एकेक बांगडी हातात चढवून बघितली. मापाच्या निघाल्या त्या घातल्या, उरलेल्या पदरात घेऊन शेजारच्या दारात गेल्या. "घ्या, काच बरी हाय. कुणी दिल्या ते तुमास्नी ठावं असंलच."

शेजारचं दार बंद झालं. पुढच्या संक्रांतीला त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मी सगळं बघत होतो. माझं घर त्याच बोळात आहे.

*

मी सांगायला गेलो नाही असं नाही. आठ वर्षांत तीनदा गेलो.

पहिल्यांदा म्हणालो, "दिनू, त्या फायनलच्या टायमाला..." तो म्हणाला, "चा घे. निवतोय."

दुसऱ्यांदा म्हणालो, "दिनू, नोंदणीच्या वेळी..." तो म्हणाला, "चा घे की रं."

तिसऱ्यांदा मी दारातूनच म्हणालो, "दिनू, मला चहा नको." तो म्हणाला, "मग आलास कशाला?" आणि हसून टीव्हीचा आवाज वाढवला.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दर वेळी परत येताना मला बरं वाटायचं.

*

गेल्या महिन्यात दिनू गेला. शिरोलीत कामावरून सुटला, फाउंड्रीच्या गेटवर छाती धरून बसला, तो उठलाच नाही. शेचाळीस वर्षांचा होता.

तिरडी तालमीच्या दारात आली. भावकी थोडी, पेठ बरीच. येऊन लांब उभी राहिलेली. मंगलवहिनीही तालमीपर्यंत चालत आल्या होत्या. मी कपाट उघडून नवी एक नंबरची जर्सी घेऊन उभा होतो. आमचे आताचे अध्यक्ष, संभाजीराव, त्या फायनलला स्टँडवर होते. त्यांनी जर्सीकडे बघितलं आणि मान हलवली.

"फायनलला बसलेल्या माणसाला जर्सी न्हाय. हार घाला आन् उचला."

चौघं वाकले. त्यांचे हात बांबूला लागले तेव्हा माझा आवाज फुटला. "थांबा! त्याची सही मी घेतली नव्हती. मी विसरलो होतो. तो उतरला असता तर मॅच गेली असती, टीमवर वर्षाची बंदी आली असती. गुडघ्याला काही झालं नव्हतं त्याच्या. मी त्याला कागदावर पाणीवाला लिहिलं होतं."

मी दारातच रडायला लागलो. संभाजीराव माझ्याकडे बघत राहिले, मग तिरडीकडे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या हातातली जर्सी घेण्यासाठी हात पुढे केला.

"नगं," मंगलवहिनी म्हणाल्या.

सगळे वळले.

"ह्ये पयल्या मॅचच्या सकाळीच यादी वाचून आलतं. मला म्हनलं, सेक्रेटरी इसरला, कुणाला बोलू नगं, त्येचं घर याच बोळात हाय." त्या माझ्याजवळ आल्या. आवाज चढलेला नव्हता. "भावजी, एक हाक मारली असतीसा तरी पळत आलं असतं सही कराया."

मग त्यांनी वाकून हार बाजूला केले आणि छातीवरचं पांढरं कापड खाली ओढलं. आत पिवळी जर्सी होती, एक नंबरची, आठ वर्षांपूर्वीची. बाह्यांवर इस्त्रीची घडी तशीच होती. मातीचा एक डाग नव्हता तिच्यावर.